रिटायर होऊन कुठे राहायचं? आधी रनवे बघा, घर नंतर

रिटायर झाल्यावर राहायची जागा शोधताना साधी माणसं हवा, खर्च, हॉस्पिटल आणि मुलं किती लांब एवढं बघतात आणि मोकळी होतात. आपल्यासारख्या हौसेने विमान उडवणाऱ्यांच्या यादीत एक कॉलम जास्तीचा असतो आणि तो एकटा बाकीच्या सगळ्या कॉलमांची वाट लावतो. हवा झकास पण रनवे नाही, रनवे आहे पण हँगर (विमान ठेवायची शेड) मिळत नाही, हँगर मिळतोय पण तिथल्या नगरपालिकेला एअरपोर्ट बंद करून फ्लॅट बांधायचेत, असं काहीतरी निघतंच. मी यात तीनेक वर्षं घालवली, एक्सेल शीट बनवली, वैतागून डिलीट केली, परत बनवली, आणि शेवटी लक्षात आलं की मी प्रश्न बरोबर विचारत होतो पण उलट्या क्रमाने. म्हणून आता जे सुरुवात करतायत त्यांच्यासाठी तो क्रम लिहितोय.

मुख्यतः हे एका इंजिनाच्या दोन-चार सीटवाल्या विमानांसाठी आहे. ग्लायडर आणि पॅराग्लायडरवाल्यांची गणितं पुष्कळदा उलटी असतात, त्यांच्याबद्दल मध्ये एक पॅरा टाकलाय.

पायरी १: पुढची १५ वर्षं काय उडवणार आणि कुठल्या मेडिकलवर (म्हणजे उडायला लागणारं तब्येतीचं सर्टिफिकेट), ते आधी ठरवा

हे सगळे जण शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. तुम्ही आज ६० चे असाल तर जागा ६० च्या माणसासाठी नाही निवडायची, ७५ च्या माणसासाठी निवडायची, आणि तो ७५ चा माणूस उडणार की नाही हे विमानापेक्षा त्या देशाच्या मेडिकलच्या नियमांवर जास्त ठरतं.

अमेरिकेत २०१७ पासून बेसिकमेड नावाची मेडिकलची सोपी सोय आहे. दर ४ वर्षांनी साध्या डॉक्टरकडून तपासणी, दर २ वर्षांनी एक ऑनलाइन कोर्स, झालं. अट एवढीच की जुलै २००६ नंतर कधीतरी एकदा तरी नेहमीचं मेडिकल मिळालेलं हवं. त्यात २०२५ मध्ये मोझेक नावाचे नवे नियम आले आणि २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटच्या (हौशी उडण्याचं सोपं लायसन्स) हक्कात बरीच मोठी विमानं उडवता येतात, म्हणजे ५९ नॉटपर्यंत स्टॉल स्पीडवाली (ज्याच्या खाली विमान हवेत तरत नाही तो वेग), चार सीटचीसुद्धा, फक्त पॅसेंजर एकच न्यायचा. त्यासाठी कारचं लायसन्स हेच मेडिकल. चार सीटची नेहमीची सेसना १७२ आता यात बसते, काही वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. ब्रिटनमध्ये हौशी उडण्यासाठी स्वतःच तब्येतीचं डिक्लरेशन देता येतं. युरोपियन युनियनच्या नियमांत क्लास २ मेडिकल पन्नाशीनंतर दर वर्षी काढावं लागतं, त्यापेक्षा हलक्या लायसन्सचं मेडिकल चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण एखादा स्टेंट बसला किंवा शुगर वाढली की हाच फरक म्हणजे उडणं चालू आणि उडणं बंद.

यात एक खाचखळगा आहे तो नीट वाचा. अमेरिकेत तुम्ही शेवटचा केलेला मेडिकलचा अर्ज जर नाकारला गेला असेल तर कारच्या लायसन्सवर उडायची सोयपण जाते. अर्जच केला नसता तर चाललं असतं! त्यामुळे पास होऊ की नाही अशी शंका असेल तर अर्ज भरायच्या आधी मेडिकल एक्झामिनरशी नुसतं सल्ल्यापुरतं बोला, फॉर्म नंतर.

दुसऱ्या देशात जाणार असाल तर लायसन्स आणि विमानाचं रजिस्ट्रेशन दोन्हीचं बघा. एन नंबरचं, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर केलेलं विमान स्वतःच्या नावावर ठेवायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असावं लागतं, बाकीचे ट्रस्ट करून ठेवतात, आणि युरोपात कायमचं राहायला लागलात की तिथलं लायसन्स लागतंच, जुन्या देशाचं दाखवून वर्षानुवर्षं भागत नाही. आणि इन्शुरन्स. सत्तरीनंतर कंपन्या हात आखडता घेतात, विशेषतः चाकं आत जाणाऱ्या विमानांना. म्हणून जागा बदलायच्या आधी विमान साधं करून घ्या असा माझा सल्ला, इगो जरा बाजूला ठेवून.

पायरी २: उन्हाचे दिवस मोजू नका, उडता येणारे दिवस मोजा

रिअल इस्टेटवाले आणि टुरिझमवाले "वर्षात ३०० दिवस ऊन" असं मोठ्या अक्षरात लिहितात. आपल्याला त्याचा उपयोग निम्मा. अ‍ॅरिझोनातलं युमा घ्या, वर्षाला ४००० तासांहून जास्त ऊन, जगातल्या सगळ्यात जास्त उन्हाच्या ठिकाणांत नाव आहे. पण उन्हाळ्यात तिथे दुपारी रनवेवर उभं राहणं म्हणजे भट्टीच्या दारात उभं राहणं, आणि विमानालाही ते आवडत नाही. जून २०१७ मध्ये फीनिक्सला पारा ४८ अंशांच्या वर गेला तेव्हा छोट्या रिजनल जेटच्या चाळीसच्या वर फ्लाइट रद्द झाल्या, कारण त्या विमानांच्या पुस्तकात त्याच्या वरच्या टेंपरेचरचे आकडेच नव्हते. ती तर जेट, आपलं काय घेऊन बसलात.

गरमी आणि उंची एकत्र आली की काय होतं ते नव्या लोकांनी एकदा हाताने मांडून बघावं. समजा एअरपोर्ट ६००० फुटांवर आहे आणि दुपारी ३२ अंश आहे. स्टँडर्ड हवा समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना २ अंश कमी, म्हणजे ६००० फुटांवर ३ अंश असायला हवं होतं. आपण २९ अंश जास्त आहोत. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर जवळपास ३५०० फूट वाढले, म्हणजे विमानाला वाटतंय की ते साडेनऊ हजार फुटांवर उभं आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, त्यामुळे सव्वाशे-दीडशे हॉर्सपॉवरचं विमान, दोन जाडजूड रिटायर लोक आणि फुल टँक असं गणित असेल तर रनवे संपतो पण विमान उठत नाही. कोलोरॅडोत लेडव्हिल नावाचं एअरपोर्ट सुमारे ९९०० फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच, तिथे जाऊन आल्याचं सर्टिफिकेट लोक भिंतीवर लावतात. एकदा जाऊन यायला ठीक आहे. रोज तिथून उडायचं म्हणजे रोज सकाळी सातला उठायचं.

धुकं हा दुसरा शत्रू आणि हा फार गोड दिसतो. कॅलिफोर्नियाचा किनारा फोटोत स्वर्ग, पण थंड समुद्रप्रवाहामुळे ऐन उन्हाळ्यात सकाळी ढगांची चादर किनाऱ्यावर येऊन बसते आणि बारा-एक वाजेपर्यंत हलत नाही, तिथले लोक त्याला जूनची मरगळ अशा अर्थाचं नावच देऊन बसलेत. तिथून डोंगर ओलांडून आत सेंट्रल व्हॅलीत गेलं तर उन्हाळा मोकळा पण हिवाळ्यात जमिनीवरचं धुकं, कधीकधी दिवसच्या दिवस. इटलीच्या पो नदीच्या खोऱ्यातही हिवाळ्यात तोच प्रकार. फ्लोरिडाचं अजून तिसरंच. तिथे उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचं वारं आत येतं, मध्ये भिडतं आणि दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात, जवळपास रोज. पण सकाळी अकरापर्यंत आकाश मस्त असतं, त्यामुळे लवकर उठणाऱ्याला फ्लोरिडा चालतं आणि उशिरा उठणाऱ्याला नाही. बघा, हवामान निवडताना स्वतःची झोपायची सवयपण मोजावी लागते.

आणि वारा. दक्षिण फ्रान्सचा मिस्त्राल एकदा सुरू झाला की अनेक दिवस चालतो, आकाश निळंशार, ऊन पडलंय, आणि विमान बांधून ठेवलेलं. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर बोरा नावाचं वारं ताशी १०० किलोमीटरच्या वर झटके मारतं. तिथे हवामानाच्या सरासरीत "स्वच्छ दिवस" असंच लिहिलं जाणार.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच खरी मेहनत आहे आणि ती फुकटात होते. एअरपोर्टवरचे तासातासाचे हवामानाचे रिपोर्ट, म्हणजे मेटार, साठवलेले असतात. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने जगभरच्या स्टेशनांचा असा साठा ऑनलाइन ठेवलाय, स्टेशनचा कोड टाकायचा, तारखा टाकायच्या, फाइल उतरवायची. दहा वर्षांची घ्या. मग एक्सेलमध्ये तुमच्या खऱ्या उडायच्या वेळा ठेवा, माझ्या सकाळी ८ ते ११ होत्या, आणि तीन चाळण्या लावा: ढग ३००० फुटांच्या वर, व्हिजिबिलिटी ५ मैलांच्या वर, आणि क्रॉसविंड, म्हणजे रनवेला आडवा येणारा वारा, तुमच्या लिमिटच्या आत. सेसना १७२ च्या पुस्तकात १५ नॉटपर्यंतचा क्रॉसविंड चालल्याचं दाखवलेलं असतं पण सत्तरीतल्या माणसाने १० धरावेत. क्रॉसविंड काढायचं सोपं आहे, वारा रनवेला ३० अंशात असेल तर निम्मा, ६० अंशात असेल तर जवळजवळ पूर्ण. रनवे एकच आहे की एकमेकांना छेदणारे दोन आहेत यावर इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्याच साइटवर कुठल्या दिशेने किती वारा येतो त्याची गोल आकृतीपण मिळते, ती रनवेच्या नकाशावर ठेवून बघा, पाच मिनिटांत अर्धा निकाल लागतो.

मी हे केलं तेव्हा समुद्राकाठचं माझं लाडकं गाव, ज्याच्या नावाने मी घरात वर्षभर डोकं खाल्लं होतं, ते यादीत खाली गेलं आणि आतल्या बाजूचं एक कंटाळवाणं, सपाट, कुणी फोटो काढणार नाही असं गाव वर आलं. दोन दिवस मी आकड्यांवरच संशय घेत बसलो होतो, मग एक फाइल परत उतरवली, तेच आलं.

ग्लायडर आणि पॅराग्लायडरवाल्यांनी वरचं सगळं उलटं वाचावं. आपण ज्या दुपारच्या धक्क्यांना शिव्या देतो ते त्यांचे थर्मल (वर चढणारी गरम हवा), आपण ज्या डोंगराच्या वाऱ्यापासून पळतो ती त्यांची वेव्ह (वर उचलणारी हवेची लाट). नेवाडातलं मिंडेन, न्यूझीलंडमधलं ओमारामा ही गावं त्यांच्यासाठी तीर्थस्थानं आहेत. अर्जेंटिनात एल कालाफातेहून पर्लान २ नावाचं ग्लायडर सप्टेंबर २०१८ मध्ये ७६ हजार फुटांच्या वर गेलं, इंजिनाशिवाय, नुसत्या अँडीजच्या लाटेवर. माझ्यासारख्याला तिथे सकाळी सुद्धा पोटात गोळा येईल. घरात एक जण विमानवाला आणि एक पॅराग्लायडरवाला असेल तर देव तुमचं भलं करो.

पायरी ३: तुमच्या शरीराला ती हवा मानवते का

इथे मी जास्त लांबण लावत नाही. दमा, हार्ट, झोपेत श्वास अडकणं असलं काही असेल तर ७००० फुटांवर घर घेऊ नका, नुसतं व्ह्यूसाठी तर मुळीच नको. गरमीचं टेंपरेचर बघताना दमटपणा बरोबर बघा, कोरडे ४० अंश आणि दमट ३४ अंश यात म्हातारं शरीर दुसऱ्याला जास्त घाबरतं, कारण घाम वाळत नाही. जंगलांच्या आगींचा सीझनपण आता हवामानाचाच भाग धरा. आग शेजारच्या राज्यात लागते आणि धूर तुमच्या रनवेवर येतो, जून २०२३ मध्ये कॅनडातल्या आगींनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी केलं होतं, आणि आग विझवणाऱ्या विमानांसाठी तुमचं आकाश बंद होतं ते वेगळं.

विमानाचंही शरीर असतं हे विसरू नका. समुद्राची खारी हवा अ‍ॅल्युमिनियम आतून खाते, गारांच्या पट्ट्यात बाहेर बांधलेलं विमान एका दुपारीत पोचे पडून भंगारात जातं, आणि हरिकेनच्या भागात दर वर्षी १ जून ते ३० नोव्हेंबर तुमचा एक डोळा टीव्हीवर. वादळ येतंय म्हटल्यावर विमान उडवून लांब न्यायचं की घराच्या खिडक्यांना फळ्या मारायच्या, ही दोन्ही कामं एकाच दिवशी येतात आणि माणसं घरात दोनच.

पायरी ४: राजकारण बघा, पण खालून वर

नव्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ते टीव्हीवरचं राजकारण बघून जागा निवडतात, कुठल्या रंगाचं राज्य, कुठला पक्ष, कोण निवडून येतो. शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलता यावेत एवढ्यासाठी ते बघा, नाही म्हणत नाही, रोज मनात जळफळत जगण्यात अर्थ नाही. पण तुमचं उडणं जे बंद करतं ते राजकारण टीव्हीवर येत नाही, ते महिन्यातून एकदा संध्याकाळी सात वाजता एका ट्यूबलाइटवाल्या हॉलमध्ये होतं आणि तिथे बारा माणसं हजर असतात.

शिकागोचं मेग्ज फील्ड एअरपोर्ट आठवतंय ना? ३० मार्च २००३ च्या रात्री मेयर रिचर्ड एम. डेली यांनी बुलडोझर पाठवले आणि रनवेवर मोठमोठे एक्स खोदून ठेवले, सकाळी १६ विमानं तिथेच अडकलेली, ती नंतर टॅक्सीवेवरून उडवून काढावी लागली. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, ३३ हजार डॉलरचा दंड केला. एका मोठ्या शहराला ३३ हजार म्हणजे काय असणार, तुम्हीच बघा. सांता मोनिकाचं एअरपोर्ट घ्या, २०१७ च्या तडजोडीनंतर रनवे जवळपास ५००० फुटांवरून ३५०० वर आणला आणि २०२८ संपल्यावर शहराला ते बंद करता येतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेमधल्या रीड-हिलव्ह्यू एअरपोर्टला काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) १ जानेवारी २०२२ पासून शिसं असलेल्या पेट्रोलची विक्रीच थांबवली. शिसं वाईटच आहे त्यात वाद नाही, आजूबाजूच्या मुलांचं रक्त तपासून झालेली ती चर्चा आहे आणि आपण ती कान झाकून टाळू नये, पण ज्याच्या इंजिनाला तेच पेट्रोल लागतं त्याने घर घ्यायच्या आधी हे माहीत करून घेतलेलं बरं. कॅलिफोर्नियात पूर्ण राज्यासाठी ती बंदी २०३१ पासून कायद्यात आली आहे.

बर्लिनचं टेंपलहोफ एअरपोर्ट मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००८ मध्ये बंद झालं. मग २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून ते मैदान बिल्डरांपासून वाचवलं. पतंग उडवायला, सायकल चालवायला. विमानांचं कुणी नावही काढलं नाही. म्हणजे लोक तुमच्या विरोधात असतीलच असं नाही, त्यांच्या डोक्यात तुम्ही नसता एवढंच.

तर काय करायचं: पहिलं, एअरपोर्टची जमीन कुणाची ते शोधा. खासगी मालकाची असेल तर तो मेल्यावर पोरं विकणार हे धरून चाला. शहराची किंवा काउंटीची असेल आणि अमेरिकेत असेल तर केंद्राची ग्रँट शेवटची कधी घेतली ते विचारा, कारण त्या पैशाबरोबर साधारण २० वर्षं एअरपोर्ट चालू ठेवायची हमी द्यावी लागते, आणि ग्रँटमधून जमीन घेतलेली असेल तर ती हमी संपतच नाही. एखाद्या गावाने अचानक ग्रँट घेणं थांबवलं असेल तर समजून जा की तिथे कुणीतरी घड्याळ लावून बसलंय. दुसरं, नगरपालिकेच्या किंवा एअरपोर्ट बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स मागच्या तीन वर्षांचे काढून वाचा, कंटाळा येईल, तरी वाचा, आणि आवाज, तक्रार, पुनर्विकास हे शब्द किती वेळा येतात ते बघा. तिसरं, रनवेच्या दोन्ही टोकांना गाडीने जा. नवी घरं उठतायत का? आज तिथे घर घेणारा माणूस दोन वर्षांनी आवाजाची तक्रार करणार, तो वाईट माणूस नाही, त्याला ब्रोकरने रविवारी दुपारी, वारा उलटा असल्याने विमानं दुसऱ्या टोकाने उडत असताना, घर दाखवलेलं असतं.

मी एका ठिकाणी अशा मीटिंगला जाऊन बसलो होतो. विषयपत्रिकेवर एअरपोर्ट सातव्या नंबरला होता, तोपर्यंत निम्मे लोक घरी गेले, आणि उरलेल्यात चार तक्रारवाले आणि पायलट शून्य. शून्य! तिथे ७०-८० विमानं बांधलेली होती. ते ठिकाण मी त्याच रात्री यादीतून काढलं, कारण जिथले पायलट दोन तास खुर्चीवर बसू शकत नाहीत तिथला रनवे फार दिवस राहत नाही.

वरच्या पातळीचं राजकारण आकाशात कसं उतरतं तेही बघा. अमेरिकेचा अध्यक्ष कुठे जातो तिथे ३० नॉटिकल मैलांचा तात्पुरता निर्बंध लागतो आणि आतल्या १० मैलांत हौशी विमानांना जवळपास पूर्ण मनाई. फ्लोरिडात पाम बीचजवळचं लँटाना एअरपोर्ट ट्रम्प यांच्या तिथल्या घराभोवतीच्या या १० मैलांत येतं, त्यामुळे तिथल्या हँगरवाल्यांचा वीकएंड अध्यक्षांच्या सुट्टीच्या प्लॅनवर अवलंबून. तुमचं मत कुठल्याही पक्षाला असो, विमान बांधलेलंच. वॉशिंग्टनजवळचं कॉलेज पार्क १९०९ पासून सलग चालू आहे, जगातलं सगळ्यात जुनं चालू एअरपोर्ट, आणि आज तिथे उतरायला आधी बॅकग्राउंड चेक करून पिन नंबर घ्यावा लागतो. सायप्रस ब्रिटिश रिटायर लोकांचं जुनं आवडतं ठिकाण, हवा सोन्यासारखी, पण भूमध्य समुद्राच्या त्या टोकाला गेली काही वर्षं जीपीएस जॅम होणं किंवा खोटं लोकेशन दाखवणं नेहमीचं झालंय. तिथे कागदी नकाशा वाचता येणारा म्हातारा पायलट तरुणांपेक्षा बरा.

देश बदलणार असाल तर व्हिसा आणि पेन्शनचं राजकारणपण आलं. नियम तुमच्या घराच्या हप्त्यापेक्षा लवकर बदलतात हे लक्षात ठेवा. स्पेनने घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद केला, पोर्तुगालची परदेशी रहिवाशांसाठीची ती प्रसिद्ध टॅक्सची सवलत २०२४ पासून नव्यांना मिळत नाही, ऑस्ट्रेलियाने रिटायर लोकांचा गुंतवणूकदार व्हिसा २०१८ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद केला. आणि ब्रिटनचं सरकारी पेन्शन अमेरिकेत किंवा युरोपात राहिलात तर दर वर्षी वाढतं, पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहिलात तर आहे तिथेच गोठतं. वीस वर्षांत तो फरक एका हँगरचं भाडं सहज खाऊन टाकेल.

पायरी ५: हँगर, मेकॅनिक, पेट्रोल, याच क्रमाने फोन करा

हँगरची वेटिंग लिस्ट हा सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय आहे. लोक घर विकतात, सामान हलवतात, आणि मग कळतं की हँगरला आठ-दहा वर्षं थांबायचंय. एका ठिकाणी मला फोनवर "लवकरच मिळेल" असं सांगितलं, मी लिस्ट बघायला मागितली तर माझा नंबर साठच्या पुढे. हँगर रिकामा कसा होतो असं विचारलं तर ती बाई शांतपणे म्हणाली, "लोक वारतात." असो.

मेकॅनिकचं वय विचारा. हसू नका, खरंच विचारा. एअरपोर्टवर एकच मेकॅनिक असेल आणि तो तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असेल तर दुसरा जवळचा किती मैलांवर ते आत्ताच बघून ठेवा. पेट्रोलचं म्हणाल तर जगाच्या बऱ्याच भागात एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळतच नाही किंवा ड्रममधून आणावं लागतं, तिथे गाडीच्या पेट्रोलवर चालणारं रोटॅक्स इंजिन असलेलं हलकं विमान घेतलं की अर्धी डोकेदुखी संपते. युरोपात काही ठिकाणी लँडिंगचे पैसे, आधी फोन करून परवानगी, ठराविक वेळेतच येणं, असलं बरंच असतं, अमेरिकेतून गेलेल्याला ते जेलसारखं वाटतं आणि युरोपातल्याला त्यात काहीच वाटत नाही.

विमान घराशेजारी ठेवायची एअरपार्क नावाची वस्तीपण असते. फ्लोरिडातलं स्प्रूस क्रीक त्यातलं नावाजलेलं. मला आधी फार आकर्षण होतं. मग लक्षात आलं की सकाळ-संध्याकाळ तीच माणसं, तेच विषय, आणि सोसायटीची मीटिंगही त्यांच्याबरोबरच. ज्याला जमतं त्याला स्वर्ग, मला जमणार नाही हे बायकोने दोन मिनिटांत ओळखलं.

पायरी ६: सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन राहा

घर बघायला माणसं छान हवेत जातात. तुम्ही उलट करा. फीनिक्सच्या बाजूला जुलैत, फ्लोरिडाला ऑगस्टमध्ये, पो खोऱ्यात डिसेंबरमध्ये, मिस्त्रालच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये. कमीतकमी तीन आठवडे, हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात, स्वतः भाजी आणून, स्वतः कचरा टाकून. विमान तिथेच भाड्याने घ्या आणि तिथल्याच इन्स्ट्रक्टरबरोबर दोन-तीन तास उडा, तो तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याच मेटारमध्ये नसतं. मला एकाने सांगितलं की इथे साडेदहाला दरीतून वारं सुटतं, घड्याळ लावून, आणि खरंच दहा पस्तीसला विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) आडवा झाला. डेटामध्ये ते दिसत होतं, पण ते नुसता आकडा होता, इथे मी फायनलवर, म्हणजे रनवेवर उतरायच्या शेवटच्या टप्प्यात होतो.

जोडीदार उडत नसेल तर त्याने किंवा तिने तिथे तुमच्याशिवाय दोन दिवस घालवून बघावेत. तुम्ही हँगरमध्ये असणार, तिथे वेळ कसा जातो ते आपल्याला माहितीये, "अर्ध्या तासात येतो" म्हणून चार तास. ते चार तास दुसऱ्याचे कसे जाणार? आमच्याकडे अट एकच होती: पायी जाता येईल अशी लायब्ररी आणि हॉस्पिटल अर्ध्या तासात. त्या अटीने माझी अर्धी यादी गेली, आणि खरं सांगायचं तर जी अर्धी गेली ती जायलाच हवी होती.

पायरी ७: मेडिकल गेल्यावर त्या गावात काय कराल

कधीतरी शेवटची फ्लाइट होणार, आणि तिची तारीख बऱ्याचदा आपण ठरवत नाही. त्या दिवसानंतर ते गाव आवडेल का, हा प्रश्न यादीतल्या प्रत्येक नावासमोर लिहा. रात्री गाडी चालवता येत नसेल तेव्हा दुकानात कसं जाल? एअरपोर्टवर नुसतं बसायला, दुसऱ्याच्या उजव्या सीटवर जायला, पोरांना विमान धुवायला शिकवायला जागा आहे का? काही एअरपोर्टवर शनिवारी सकाळी कॉफीला वीस माणसं जमतात, त्यातली निम्मी आता उडत नाहीत. काही ठिकाणी कुंपण, कॅमेरा आणि कोड असलेलं गेट, आत चिटपाखरू नाही. मी शेवटी निवड केली ती या एका गोष्टीवर, मेटारच्या दहा वर्षांच्या फाइली बाजूला राहिल्या.

जुनं घर पहिलं वर्षभर विकू नका, भाड्याने द्या. आणि जागा पक्की व्हायची वाट न बघता आजच तीन एअरपोर्टच्या हँगर लिस्टमध्ये नाव टाका, फॉर्म एक पानाचा असतो, नको झालं तर नंतर काढता येतं.